पाच आठवडे

आमच्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो, आणि तो तोंड उघडायच्या आधीच मला कळतं की आता हा विचारणार. डॉक्टरांचं पत्र काचेखालून सरकवतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, नंबर कधी लागेल? मी म्हणायचे, पाच आठवडे. आठ वर्षं मी हेच म्हणत आले. माणूस हुश्श करायचा, कारण सरकारी दवाखाना म्हटल्यावर त्याने निदान वर्षभराची तयारी केलेली असायची. मग मला ताई म्हणून, चार वेळा मान हलवून जायचा.

ते खोटं होतं, हे आधीच सांगून टाकते. गोष्टी दडवून ठेवायची मला सवय होती, ती आता सुटली आहे.

आमच्याकडे हृदयाचा फोटो काढतात. एक्सरे नव्हे. शिरेतून किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात, ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं, आणि कॅमेरा बाहेरून बघतो की औषध कुठे पोचलं आणि कुठे नाही. जिथे औषध पोचत नाही तिथे रक्तही पोचत नाही, एवढं साधं आहे. एकदा माणूस स्वस्थ पडलेला असताना बघतात, एकदा दुसरं औषध देऊन हृदय पळवून बघतात. किरणांचं औषध रोज सकाळी शिशाच्या डब्यातून येतं आणि दुपारपर्यंत त्यातला निम्मा जोर संपतो. म्हणून उशिरा येणाऱ्याला मी झापते. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, कारण चहा प्यायला की हृदय पळवायचं औषध लागूच पडत नाही. तरी लोक पितात, आणि मी विचारलं की छातीवर हात ठेवून नाही म्हणतात. चहाचा वास मला काचेतून येतो.

कॅमेरा एक. आठवड्यातले तीन दिवस हृदयाचे, दोन दिवस हाडांचे आणि किडनीचे. दिवसाला नऊ माणसं, म्हणजे आठवड्याला सत्तावीस. पत्रं मात्र आठवड्याला अठ्ठावीस येतात, कधी तीस. पुढे काय होणार ते सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको.

आठ वर्षांपूर्वी राजधानीतून फर्मान आलं, की ज्या केंद्रात सहा आठवड्यांच्या वर वाट बघावी लागते त्यांनी लेखी खुलासा करावा. तेव्हा आमची रांग नऊ आठवड्यांची होती. आमचे मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते दोन दिवस जेवले नाहीत. खुलासा पटला नाही म्हणून दुसऱ्या एका जिल्ह्यातलं केंद्रच बंद केलं, कॅमेरा उचलून नेला, अशी बातमी होती. खरी होती की उडवलेली, देव जाणे. साहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, आता काय करायचं? आणि मी, माझं डोकं नको तिथे चालतं, मी म्हटलं, साहेब, वाट मोजतात ती पत्र कॉम्प्युटरवर चढवल्याच्या तारखेपासून. चढवलंच नाही तर?

झालं. माझ्या टेबलाला तीन कप्पे आहेत. वरच्यात स्टेपलर आणि शिक्के, खालच्यात माझा डबा आणि स्वेटर. मधला रिकामा होता. त्या दिवसापासून आलेलं पत्र मधल्या कप्प्यात जायचं, तारखेप्रमाणे लावून. पाच आठवड्यांच्या आतली वेळ मोकळी दिसली की सगळ्यात जुनं पत्र काढायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं आणि माणसाला कळवायचं. कागदावर आमची वाट पाच आठवडे. कधी पाच, कधी साडेचार. खरी किती, ते मला आणि साहेबांना ठाऊक. पाच उलटल्यावर कुणी चौकशीला आलं तर मी म्हणायचे, थोडं मागेपुढे होतं, आलाच नंबर. या वर्षी चौदा होती.

आणि मला त्या कप्प्याचा अभिमान होता, लपवून काय करू. वशिला म्हणून माझ्याकडे चालला नाही. एकदा एका नगरसेवकाचा मेहुणा माझ्यावर डोळे वटारून गेला, मी त्याला वटारलेले डोळे परत देऊन पाठवलं. पत्राच्या जागेत एका दिवसाचाही फरक पडू दिला नाही. कप्पा खोटा होता, पण कप्प्याच्या आतलं सगळं खरं होतं, अशी मी माझी समजूत घातली होती.

मग एका मंगळवारी टपालाच्या गठ्ठ्यात माझ्या दादाचं पत्र आलं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि मी नऊ. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला आणि अजून तेच करतो. जन्मभर लोकांना वर चढवलं आणि स्वतः राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. मला टायपिंगच्या क्लासला त्याने घातलं. या नोकरीचा अर्ज त्याने आणून दिला. तर त्याचं नाव त्या पत्रावर, त्याचं वय, आणि खाली डॉक्टरांचं अक्षर, की चढताना छाती भरून येते, साखर आहे, किडनी अशक्त आहे आणि अँजिओग्राफीचा रंग तिला झेपणार नाही, त्यामुळे नळी घालून तपासण्याआधी हृदयाचा फोटो काढून मिळावा.

मला त्यानं काही सांगितलं नव्हतं. मी फोन लावला आणि आधी भांडले. तो हसत म्हणाला, अगं, तू उगाच घर डोक्यावर घेशील म्हणून नाही बोललो. मग त्यानं तोच प्रश्न विचारला. जगातल्या सगळ्या माणसांसारखाच, घसा खाकरून. किती दिवस लागतात गं तुमच्याकडे?

मी म्हटलं, पाच आठवडे.

तोंडातून निघून गेलं. आठ वर्षांची जीभ, ती काय थांबून विचार करते? फोन ठेवल्यावर मी कप्पा उघडला. त्याच्या आधी दोनशे एकेचाळीस पत्रं होती. मी त्याचं पत्र सगळ्यात मागे लावलं, तारखेप्रमाणे, आणि कप्पा बंद केला. पुन्हा फोन करून खरं सांगावं असं मनात आलं. पण चौदा म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग पाच का म्हणालीस, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. दादापुढे माझी मान वर असते. तिथे मला ती खाली घालायची नव्हती. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दर रविवारी मी त्याच्या घरी जायला लागले, एरवी महिन्यातून एकदा जायचे. वहिनी म्हणाली, नणंदबाई, एवढं प्रेम कुठून उतू चाललंय? मी म्हटलं, तुझ्या हातचं आवडायला लागलं. दुसऱ्या रविवारी मी आणि दादा बरोबर जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि किल्ल्या शोधायला लागला. दोन्ही खिसे चाचपले, पिशवीत बघितलं, पुन्हा खिसे. किल्ल्या त्याच्या हातात होत्या. मला दिसत होत्या आणि मला दिसतायत हे त्यालाही कळत होतं. तिसऱ्या रविवारी तो खालच्या पायरीशी थांबून शेजाऱ्याच्या सायकलची चेन बघत बसला. सायकलमध्ये त्याला काडीचा रस नाही.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, रात्री उशीला टेकून बसतो, आडवा होत नाही. तुमच्याकडे जरा लवकर नाही का होणार? ती कधी काही मागत नाही. मी म्हटलं, आता किती दिवस राहिलेत, आलाच नंबर. हे म्हणताना मी भांडी विसळत होते, म्हणून बरं, तिच्याकडे बघावं लागलं नाही. माझ्या छातीतही तेव्हा काहीतरी दाटून आलं होतं, पण ते फोटोत दिसणारं नव्हतं.

ऑफिसात माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. लोकांवर ओरडत होते. एका म्हाताऱ्या मास्तरांना चहावरून इतकं बोलले, की आमचा कॅमेरावाला, म्हणजे कॅमेरा चालवणारा आमचा तंत्रज्ञ, बाहेर येऊन म्हणाला, बाई, तुमच्या आवाजानेच यांचं हृदय पळालंय, आता औषध द्यायची गरज नाही. मास्तर हसले. मला हसू आलं नाही. फोन वाजला की माझा जीव खाली-वर व्हायचा. दादाचा असेल तर काय सांगू, आणि वहिनीचा असेल तर काय ऐकावं लागेल.

चौथ्या आठवड्यात एक वेळ रिकामी झाली. गुरुवारच्या एका माणसाला ताप आला, त्याने बुधवारी सकाळी कळवलं. औषध तर येणारच, ते परत जात नाही, माणूस नसेल तर वाया जातं. अशी वेळ कप्प्यातल्या सगळ्यात जुन्या पत्राला द्यायची, हा नियम मीच घातलेला. मी कप्पा उघडला. दादाच्या पुढे अजून एकशे तेहतीस पत्रं होती. मी त्याचं पत्र ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. कुणाला कळणार होतं? कप्प्यातली माणसं कुठल्याच यादीत नव्हती. त्यांच्यातला कोण पुढे गेला आणि कोण मागे राहिला, हे सांगणारा कागदच जगात नव्हता.

सगळ्यात जुनं पत्र एका बस कंडक्टर बाईचं होतं. नऊ आठवडे झालेले. खाली डॉक्टरांनी लिहिलेलं, की दोन लहान मुलं आहेत. ते त्यांनी का लिहिलं, फोटोशी त्याचा काय संबंध, मला कळलं नाही. पण लिहिलेलं होतं. मी दोन्ही पत्रं समोर ठेवून अर्धा तास बसले. मग दादाचं परत त्याच्या जागी खोचलं आणि कंडक्टर बाईला फोन केला. उद्या येता का, चहा घेऊ नका. ती रडायलाच लागली. त्या संध्याकाळी मी घरी जाताना स्वतःवर खूश होते, हे सांगायला आज लाज वाटते. वाटत होतं, सख्ख्या भावासाठीसुद्धा मी रांग मोडली नाही. बघा म्हणावं.

पाचव्या आठवड्यात राजधानीतून पाहणी आली. दर दोन वर्षांनी येते. सगळ्या देशातल्या सरकारी केंद्रांत हृदयाचे किती फोटो निघतात, किती लोकांमागे किती, आणि वाट किती आठवडे बघावी लागते, हे मोजायला. एरवी नुसता फॉर्म यायचा. मी भरायचे, साहेब सही करायचे. या वेळी माणूस आला. माणूस म्हणजे एक बाई, तिशीतली, कापलेले केस, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. मी आधीच कपाळाला आठ्या घालून बसले होते. पण बाई चांगली निघाली, तेच वाईट झालं. खुर्ची मागून घेतली, औषधाचा डबा कसा येतो ते विचारलं, कॅमेरावाल्याशी गप्पा मारल्या.

मग साहेबांच्या खोलीत तिनं नकाशा उलगडला. मी आकडे सांगायला बसले होते. नकाशावर ठिपके होते, जिथे फोटो जास्त निघतात तिथे मोठे, कमी तिथे बारीक. आमचा ठिपका एवढासा. ती म्हणाली, तुमच्याकडे लाख लोकांमागे जेवढे फोटो निघतात त्याच्या तिप्पट बाकीकडे निघतात, आणि तरी तुमची वाट सगळ्यात कमी. याचा अर्थ मागणीच नाही. म्हणून दुसरा कॅमेरा द्यायचा विषय तीनदा निघाला आणि तीनदा दुसरीकडे गेला. मग हसून म्हणाली, तुमच्याकडच्या लोकांची हृदयं दणकट दिसतात.

ती गमतीनं म्हणाली. साहेब हसले नाहीत. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आम्हाला आठ वर्षं वाटत होतं की पाहणी म्हणजे शिव्या घालायचं निमित्त. त्या आकड्यांवरून कॅमेरे वाटतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. तीन कॅमेरे. मी माझ्या हातानं, माझ्या सुंदर अक्षरात, पाच आठवडे लिहून तीन कॅमेरे परत पाठवले होते.

बाईंनी शेवटचा प्रश्न वाचला. या वर्षी नवीन घातलेला होता. नोंद न झालेली काही पत्रं आहेत का? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. ते म्हणाले, नाही.

मी उठले. माझ्या टेबलाशी गेले, मधला कप्पा ओढला तर तो पूर्ण बाहेरच आला. तसाच उचलला आणि साहेबांच्या टेबलावर, नकाशावर ठेवला. जड होता.

"दोनशे सत्तेचाळीस आहेत," मी म्हटलं. "वाट पाच आठवड्यांची नाही, चौदा आठवड्यांची आहे. आठ वर्षं असंच चाललंय."

बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता माझ्यावर बरसतील. ते शांतपणे म्हणाले, हे सगळं माझ्या सांगण्यावरून झालं, या बाईंचा दोष नाही. ते धादांत खोटं होतं. एखादा माणूस चांगलं वागला म्हणून मला इतका राग कधी आला नव्हता. मी म्हटलं, साहेब, गप्प बसा, युक्ती माझी होती. मग आम्ही दोघं त्या परक्या बाईसमोर दोष कुणाचा यावरून भांडलो. तिनं पत्रं मोजून घेतली, फोटो काढले, आणि म्हणाली की सगळी आजच्या आज चढवायला घ्या, पुढचं पुढे बघू. जाताना मला म्हणाली, बरं केलंत. मला खरंच तसं वाटलं. दुपारभर मी पत्रं चढवत बसले. कॉम्प्युटरवर वाट सात झाली, नऊ झाली, अकरा झाली. प्रत्येक पत्राबरोबर छातीवरचं ओझं हलकं होत होतं.

मधे दादाचं पत्र आलं, तेही चढवलं आणि उरलेली सगळी संपवली. हे त्याला तोंडावर जाऊन सांगायचं होतं. संध्याकाळी सहाला मी त्याच्या दारात उभी होते. वाटेत सगळं मनात जुळवलं होतं. तो चिडणार, चिडू दे. कॅमेऱ्यांचं सांगीन. नकाशाचं सांगीन. रिकाम्या वेळेचंही सांगीन, म्हणजे मी त्याच्यासाठीसुद्धा लबाडी केली नाही हे त्याला कळेल.

तो खिडकीशी बसून कुणाच्या तरी दारावरची घंटा दुरुस्त करत होता. वहिनी समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चप्पल न काढताच बोलायला लागले. सगळं सांगितलं, कप्प्यापासून नकाशापर्यंत. तो ऐकता ऐकता घंटा उघडत राहिला. स्क्रू काढला, वाटीत टाकला. माझं संपल्यावर म्हणाला, म्हणजे माझे अजून नऊ आठवडे? मी म्हटलं, हो. त्याने पेचकस खाली ठेवला.

"दोन आठवड्यांपूर्वी गोळ्या बदलायला गेलो होतो," तो म्हणाला. "डॉक्टरांनी विचारलं, फोटोला सहा आठवड्यांच्या वर लागणार असतील तर सांगा. मग फोटोसाठी थांबायचं नाही, हातातून नळी घालून लगेच बघू, किडनीचं काय ते सांभाळून घेऊ. मी म्हटलं, नाही हो, पाचच. माझी बहीणच तिथे बसते."

वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दादा रागावला नाही, आवाजही चढवला नाही, आणि मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. मी सांगणार होते ती रिकामी वेळ, ती कंडक्टर बाई, माझा सगळा खरेपणा, यातलं काही तोंडाबाहेर पडलं नाही. कसं पडणार? रांगेत कुणाला पुढे घेतलं नाही, याचा मला अभिमान होता. पण रांग खरी सांगितली असती, तर ज्याला थांबणं परवडणार नव्हतं तो रांगेतून कधीच बाहेर पडला असता. नुसता एक आकडा खरा सांगायचा होता. तेवढंच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. टॅक्सीतून उतरून दवाखान्याच्या दारापर्यंत तीस पावलं असतील, तो दोनदा थांबला. या वेळी त्यानं किल्ल्या शोधल्या नाहीत. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती हातात धरून दारापर्यंत गेले आणि नर्सला हाक मारली. आमच्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर त्याला ठेवून घेतलंय. किडनीसाठी आधी सलाईन चालू आहे. नळी परवा घालणार. मी डॉक्टरांना विचारलं, दोन आठवडे आधी आला असता तर? ते म्हणाले, आता ते कशाला विचारता. माझ्या खिडकीशी मीही लोकांना अशीच गप्प करते, त्यामुळे मला उत्तर समजलं.

मी खाली माझ्या टेबलाशी आले. साहेबांनी मला घरी जायला सांगितलं, मी ऐकलं नाही. ज्या दोनशे सेहेचाळीस माणसांना मी पाच सांगितलं होतं, त्यांना काल कॉम्प्युटरवर चढवलं म्हणजे माझं काम झालं असं मला वाटलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या किती जणांच्या डॉक्टरांनी दादाला विचारलं तसं विचारलं असेल, आणि किती जणांनी, खिडकीवरच्या ताईंनी सांगितलंय म्हणून, पाचच म्हणून उत्तर दिलं असेल, हे मला आठ वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी फोन उचलला आणि सगळ्यात जुन्या पत्रापासून सुरुवात केली. प्रत्येकाला आधी खरा आकडा. मग, तुमच्या डॉक्टरांना आजच्या आज हे कळवा.

काही जणांनी शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. एका आजोबांनी मलाच धीर दिला. अठ्ठावीस जण म्हणाले, हो, डॉक्टरांनी विचारलं होतं, आम्ही पाच सांगितलं. त्यांची नावं मी वेगळ्या कागदावर लिहून साहेबांकडे दिली, आणि साहेब त्यांच्या डॉक्टरांना स्वतः फोन करत बसले. मधूनमधून मी वर जाऊन दादाला बघून यायचे. तो झोपलेला असायचा, किंवा मी आले की डोळे मिटायचा. वहिनी बाहेरच्या बाकावर होती. तिनं मला बसायला जागा केली, पण नजर दारावरच ठेवली.

संध्याकाळपर्यंत एकशे साठ फोन झाले. तीन घरांतून उत्तर आलं, की आता गरज नाही. हे उत्तर मला आठ वर्षं ऐकायची सवय आहे. मी बरं म्हणायचे आणि पत्र फाडून टाकायचे. मनातून हायसंही वाटायचं, की रांग एकाने कमी झाली. बाहेर कुठे फोटो काढून घेतला असेल, असं मी धरून चालायचे. आज पहिल्यांदा विचारलं, गरज का नाही?

पहिल्या दोघांनी खरंच बाहेर काढून घेतला होता. तिसऱ्या घरात फोनवर मुलगी होती. ती म्हणाली, पप्पांना जाऊन नऊ दिवस झाले. मागे कुणीतरी भांडी आवरत होतं. मग तिनं विचारलं, पाच आठवडे थांबा म्हणून सांगणाऱ्या त्या तुम्हीच का?

मी म्हटलं, हो, मीच.